गमावलेला दमसास



या व्यासपीठावरून गेले आठ दिवस विद्वान मंडळी बोलून गेली. काल उपनिषदांवर झाले, उद्या अर्थशास्त्रावर व्हावयाचे आहे. आणि मध्येच आज माझ्यासारखा कामगार चळवळीतला, शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस ‘पळणे’ या विषयावर बोलण्यास उभा आहे. चालकांनी मला आमंत्रण दिले तेव्हा मी श्रमसंहितांवर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी म्हटले, कायद्यावर मी वर्षाचे तीनशे दिवस बोलतो. एक दिवस तरी मला दुसरे बोलू द्या. ते हसले आणि हो म्हणाले. आता पुढच्या तासाभरात तुमची निराशा झाली, तर दोष त्यांच्या हसण्याला द्यावा.

विषय नेमका सांगतो. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. त्याहून लांबची जी कोणतीही शर्यत, तिला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. मी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी साखरेची भीती घातली म्हणून पळू लागलो, आणि पुढे पन्नास किलोमीटरच्या दोन शर्यती पुऱ्या केल्या. मग आजारपण आले, खंड पडला, आणि कमावलेला सगळा दमसास गेला. येत्या डिसेंबरात पंचाहत्तर किलोमीटर पळण्याचा माझा संकल्प आहे. तेव्हा माझा आजचा प्रश्न दमसास कमावण्याचा नाही. एकदा कमावून गमावलेला दमसास पुन्हा कसा मिळवावा, हा आहे. आणि माझ्या अनुभवाने हा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. नवशिक्याला काही आठवत नसते. गमावलेल्याला आपण काय करत होतो ते सगळे आठवत असते, आणि ती आठवणच त्याचा घात करते.

आपल्या मराठीने ‘दम’ या एका शब्दाभोवती केवढे शहाणपण साठवले आहे पाहा. माणूस थकला की त्याला दम लागतो. थांबून श्वास घेतो तेव्हा तो दम खातो. आणि घाई करणाऱ्याला आपण सांगतो, ‘अरे, जरा दम धर.’ लागणे, खाणे आणि धरणे, या तीन क्रियापदांत लांब पळण्याचे सगळे शास्त्र आले. मी फक्त त्याचा विस्तार करणार आहे.

प्रथम एका गावाकडे तुम्हाला नेतो. दक्षिण आफ्रिकेत दरबान हे बंदर आणि पीटरमारित्झबर्ग हे डोंगराकडचे शहर. आपल्याला ही नावे वेगळ्या कारणाने ठाऊक आहेत. ७ जून १८९३ च्या रात्री एका तरुण वकिलाला रंगावरून गाडीतून उतरवले, ते याच पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर. त्या दोन शहरांच्या दरम्यान दरवर्षी सुमारे ९० किलोमीटरची शर्यत होते. तिचे नाव ‘कॉम्रेड्स’. हे नाव ऐकून माझ्या पक्षातल्या काही मित्रांना भलताच आनंद झाला होता. तो मला दुरुस्त करावा लागला. हे कॉम्रेड म्हणजे पहिल्या महायुद्धातले सोबती.

पण ज्याने ही शर्यत सुरू केली तो खरोखरच कामकरी माणूस होता. विक क्लॅपम, रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर. युद्धात तो पूर्व आफ्रिकेत शिपाई म्हणून शेकडो मैल चालला. जे मेले त्यांचे स्मारक दगडाचे नको, माणसाच्या सहनशक्तीचे असावे, असे त्याच्या मनाने घेतले. युद्धावरून परतलेल्यांच्या संघटनेकडे त्याने शर्यतीची परवानगी मागितली. तिने ती नाकारली. पुन्हा मागितली, पुन्हा नाकारली. अखेर २४ मे १९२१ रोजी शर्यत निघाली. ३४ जण सुटले, १६ जण पोहोचले. पहिला आलेल्या बिल रोवनला नऊ तासांना एक मिनिट कमी लागले.

या शर्यतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी माझ्या धंद्याशी बेइमान होईन. स्मारक सर्वांच्या सहनशक्तीचे असले, तरी पळण्याची मुभा फक्त गोऱ्या पुरुषांना होती. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड ही बाई, आणि १९३५ मध्ये रॉबर्ट मत्साली हा काळा माणूस हे अंतर पळून गेले. पण अधिकृत नोंद त्यांची नाही. काळ्यांना आणि स्त्रियांना दरवाजा उघडला तो १९७५ साली. सॅम त्शाबालाला हा पहिला काळा विजेता १९८९ साली झाला. रस्ता तोच होता, चढ तेच होते. माणसांना मात्र सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोहोचायला चोपन्न वर्षे लागली. सर्वांत लांबची शर्यत तीच म्हणायची. आज या शर्यतीला भारतातूनही माणसे जातात, आणि त्यांत आपली मराठी माणसे पुष्कळ असतात.

आता माझ्या विषयाचा खरा नायक. त्याचे नाव वॉली हेवर्ड. १९३० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो ही शर्यत जिंकला. त्यानंतर तो या शर्यतीला पुन्हा आला तो वीस वर्षांनी. मध्ये दुसरे महायुद्ध होऊन गेले होते. १९५० साली, एकेचाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा पळाला आणि पुन्हा पहिला आला. मग १९५१, १९५३ आणि १९५४ या तिन्ही वर्षी तोच. मधल्या १९५२ साली तो हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाला आणि दहावा आला. पुढे परदेशच्या शर्यतींच्या प्रवासखर्चासाठी लोकांची वर्गणी स्वीकारली, या कारणावरून हौशी खेळाडूंच्या नियामकांनी त्याच्यावर बंदी घातली. वर्गणी घेणे हा गुन्हा असेल, तर बंधूंनो, मी गेली तीस वर्षे अट्टल गुन्हेगार आहे.

पण कथा येथेही संपत नाही. १९८८ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, हा म्हातारा पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिला आणि दहा तासांच्या आत पोहोचला. दुसऱ्या वर्षी, ऐंशीव्या वर्षी, तो परत आला. त्या वेळी मुदत अकरा तासांची होती. या शर्यतीत मुदत संपताच एक अधिकारी धावपटूंकडे पाठ करून बंदूक उडवतो. त्यानंतर एक पाऊलही मोजले जात नाही. पाठ अशासाठी, की कोण एका हातावर राहिला हे त्याच्या डोळ्यांना दिसू नये. हेवर्ड त्या वर्षी रेषेवर आला तेव्हा त्या बंदुकीला दोन मिनिटेही उरली नव्हती.

वीस वर्षांचा खंड पडलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो, ही गोष्ट त्याने सिद्ध केली. आता प्रश्न असा, की खंडात नेमके काय जाते आणि काय उरते?

याचे उत्तर शास्त्रज्ञांनी बऱ्याच अंशी दिले आहे. १९६७ साली अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना पट्ट्यावर रोज पळवले. काही आठवड्यांनी त्यांच्या स्नायूंत पाहिले तेव्हा दिसले, की पेशींतल्या ज्या बारीक भट्ट्यांत अन्न जाळून शक्ती तयार होते, ज्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात, त्यांची क्षमता जवळजवळ दुप्पट झाली आहे. म्हणजे दमसास फक्त छातीत नसतो. तो मांडीत असतो, पोटरीत असतो. ज्या स्नायूने काम केले त्याच स्नायूत भट्ट्या वाढतात. शिवाय स्नायूंभोवती रक्ताच्या केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, रक्तातले पाणी वाढते, आणि हृदय एका ठोक्याला अधिक रक्त फेकू लागते.

आता पळणे बंद केले तर? १९८४ साली काही कसलेल्या खेळाडूंना सराव थांबवायला लावून हे मोजले गेले. पहिल्या तीन आठवड्यांतच प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी घटली, आणि आठ आठवड्यांनंतर ती सुमारे १६ टक्के खाली येऊन तेथे स्थिरावली. रक्त आटते, हृदयाचा ठोका लहान होतो, भट्ट्या थंडावतात. पण एक गोष्ट मोठी आशादायक दिसली. केशवाहिन्यांचे जाळे बारा आठवड्यांनंतरही जवळजवळ तसेच होते. म्हणजे गिरणी बंद पडली, भट्ट्या विझल्या. पण मालाची ने-आण करणारे रस्ते उखडले गेले नाहीत. म्हणूनच नवशिक्यापेक्षा परतलेल्या माणसाचा श्वास लवकर सावरतो. पाचसहा आठवड्यांत त्याला वाटू लागते की मी पूर्वीसारखा झालो.

आणि नेमक्या याच ठिकाणी तो फसतो. कारण रक्त, हृदय आणि स्नायू आठवड्यांच्या हिशेबाने सुधारतात. हाडे आणि टाचेवरच्या कंडरा महिन्यांच्या हिशेबाने. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर आधी जुने हाड थोडे कुरतडून काढते आणि मग तेथे नवे भरते. घराची डागडुजी करताना आधी जुना गिलावा पाडावा लागतो, तसेच हे. त्या मधल्या काळात भिंत आधीपेक्षा कच्ची असते. श्वास म्हणतो ‘चल’, आणि हाड त्या वेळी उघडे पडलेले असते. छाती आणि नडगी यांची घड्याळे वेगळी आहेत. आणि आपण वेळ पाहतो ती छातीच्या घड्याळात.

हे मी पुस्तकात वाचले ते नंतर. आधी ते भोगले. आजारातून उठल्यावर सहाव्या आठवड्यात मी चौदा किलोमीटर पळालो, छान वाटले. पुढच्या रविवारी चोवीस पळालो. त्याच्या पुढच्या बुधवारी नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर निघाली. पुढचे साडेतीन महिने मी सभेला रिक्षाने जात होतो.

मग यावर मार्ग काय? मार्ग शंभर वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने दाखवून ठेवला आहे. आर्थर न्यूटन हा इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि नाताळ प्रांतात शेती करणारा माणूस. सरकारशी त्याचे जमिनीवरून भांडण झाले. आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही, तर नामांकित खेळाडू व्हावे, म्हणजे वर्तमानपत्रे आपले ऐकतील, असा त्याने विचार केला आणि १९२२ च्या जानेवारीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो पळू लागला. पाच महिन्यांच्या आत त्याने कॉम्रेड्स जिंकली, आणि पुढे आणखी चारदा जिंकली. त्याचे गाऱ्हाणे मात्र मला मान्य नाही. शेजारची जमीन काळ्या लोकांसाठी राखून ठेवली, यावरून ते होते. गाऱ्हाणे त्याचे त्याच्यापाशी राहो. आपण त्याची रीत घेऊ. शत्रूच्या कारखान्यातूनसुद्धा चांगले हत्यार उचलावे.

त्या काळी शर्यतीची तयारी म्हणजे थोडे अंतर, पण जोरात पळणे, असा समज होता. न्यूटनने ते उलटे केले. तो रोज पळे, फार पळे, पण सावकाश पळे. इतके सावकाश, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच पळता यावे. स्वतःला कधीही निपचित पडेपर्यंत दमवायचे नाही, हा त्याचा नियम. १९३४ साली, एक्कावन्नाव्या वर्षी, त्याने इंग्लंडात बाथच्या रस्त्यावर शंभर मैल सुमारे चौदा तासांत पुरे केले. आणि हाही माणूस चुकला होता. १९२८ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत झाली, तीत तो आघाडीवर असताना टाचेच्या कंडरेने दगा दिला आणि त्याला बाहेर पडावे लागले. कंडरेचे घड्याळ कोणालाच चुकत नाही.

सावकाश म्हणजे किती सावकाश, असे तुम्ही विचाराल. त्याला यंत्र लागत नाही. शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला. मी एकटा पळतो तेव्हा मनातल्या मनात उद्याचे भाषण म्हणतो. भाषण अडखळले की पाय आवरतो. माझी भाषणे गेल्या वर्षभरात सुधारली आहेत असे कार्यकर्ते म्हणतात, त्याचे कारण हे आहे.

हमाल बांधवांकडूनही मी हेच शिकलो. नवा पोरगा पहिल्या तासाला धावत पोती टाकतो आणि दुपारी गाडीच्या सावलीत पडतो. जुना हमाल सकाळी जी चाल धरतो तीच संध्याकाळी असते, आणि दिवसाअखेर हिशेब केला तर पोती त्याची जास्त भरतात. एका माणसाने किती ओझे उचलावे, याचाही विचार जगाने केला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली. आपल्याकडे शंभर किलोचे पोते त्यानंतरही वर्षानुवर्षे पाठीवर चढत राहिले. मर्यादा ठाऊक असणे आणि ती पाळली जाणे यांत केवढे अंतर असते, हे हमालाच्या मणक्याला विचारावे.

आता माझा स्वतःचा क्रम सांगतो. तो तुम्ही तसाच उचलावा असे मी म्हणत नाही. ज्यांना हृदयाचा, साखरेचा, रक्तदाबाचा त्रास असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. हाड भरल्यावर पहिले सहा आठवडे मी फक्त चाललो, रोज अर्धा ते पाऊण तास. नंतर चार मिनिटे चालणे, एक मिनिट पळणे. लोक हसत. पुढाऱ्याला घोषणा देण्याची सवय असते, एकेक मिनिट मोजण्याची नसते; मला ते फार जड गेले. चौथ्या महिन्यात दहा किलोमीटर, आठव्या महिन्यात चोवीस. ज्या चोविसाने मला पाडले होते, तेथे मी या वेळी कित्येक महिने उशिरा पोहोचलो, आणि उभा राहिलो. आज चौदावा महिना आहे. मागच्या रविवारी अडतीस झाले.

यात तीन नियम पाळले. पहिला, अंतर आधी आणि वेग मागाहून. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत. दुसरा, तीन आठवडे वाढवत न्यायचे आणि चौथ्या आठवड्यात उतरायचे. तिसरा, फार लांब पळणे एका दिवसात न करता शनिवार-रविवार असे वाटून करायचे. शनिवारी वीस, रविवारी थकलेल्या पायांनी पुन्हा वीस. चाळिसाचा धडा मिळतो, पण हाडाला चाळिसाचा मार एकदम बसत नाही. आणि चढावर चालायचे. अल्ट्रामॅरेथॉनमध्ये चढावर चालण्यात कमीपणा नाही. मोठमोठे धावपटू चालतात.

यात नवीन काही नाही. माउलींची पालखी आळंदीहून निघते. पुण्यात दोन मुक्काम. मग पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा सर्वांत लांब टप्पा. आणि सासवडला पुन्हा दोन मुक्काम. लांब टप्प्याच्या आधी विसावा, नंतर विसावा. दुपारचा विसावा वेगळाच. साठ-सत्तर वर्षांच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात त्या काही श्रद्धेच्या बळावरच नव्हे. ज्यांनी मुक्काम आखले त्यांच्या शहाणपणावरही चालतात.

अन्नपाण्याविषयी थोडे. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमान या दोघांनी गंमतीचा प्रयोग केला. एकाच सायकलीच्या दोन बाजूंना दोघे बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने ती चालवली. मग दोन्ही पायांच्या स्नायूंचे कण काढून पाहिले. काम केलेल्या पायातली साखरेची साठवण, म्हणजे ग्लायकोजेन, संपली होती. बसलेल्या पायातली शाबूत होती. पुढचे दिवस पिष्टमय अन्न भरपूर खाल्ल्यावर काम केलेल्या पायात साठा पूर्वीपेक्षा जास्त भरला. अंगातला हा साठा एकूण चारपाचशे ग्रॅमचा. तो संपला की पाय लाकडाचे होतात. म्हणून लांब पळताना भूक लागायच्या आधी, तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात गेली पाहिजे. एका मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असते. परदेशी पुड्या मिळतात, महाग असतात. मी केळी, खजूर आणि राजगिऱ्याचा लाडू यांवर भागवतो. मात्र जे शर्यतीत खायचे ते सरावात खाऊन पाहावे. पोटालाही सराव लागतो.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. पाणी कमी पडून त्रास होतो हे सर्वांना माहीत आहे. पण जास्त पाणी पिऊन रक्तातले मीठ पातळ होते आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो, हे कॉम्रेड्सच्या धावपटूंवरूनच दक्षिण आफ्रिकेचे डॉक्टर टिम नोक्स यांनी १९८५ साली जगापुढे मांडले. आणि दुखणे दाबणाऱ्या गोळ्या खाऊन पळू नये. उन्हातान्हात त्या मूत्रपिंडाला बाधतात, आणि दुखणे हा हाडाचा तक्रार-अर्ज आहे, तो फाडून टाकू नये.

एवढे सगळे सांगितले, पण हा विषय मी का निवडला ते अजून सांगितले नाही.

१९१३ साली, त्याच नाताळ प्रांतात, कोळशाच्या खाणींतल्या हिंदी मजुरांनी तीन पौंडांच्या जाचक कराविरुद्ध संप केला. गांधीजींनी त्यांना न्यूकॅसलहून सरहद्दीवरच्या चार्ल्सटाउनला चालत नेले. ३६ मैल, दोन दिवसांत. ६ नोव्हेंबरला सरहद्द ओलांडताना मोजणी झाली: २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया, ५७ मुले. निघण्यापूर्वीच प्रत्येकाला बजावले होते, की रोज मिळणार दीड पौंड पाव आणि एक औंस साखर, त्यापेक्षा जास्त काही नाही. मार मिळेल, तुरुंग मिळेल. हे आधी ऐकून ज्यांनी पाऊल उचलले, ते चालले. पुढाऱ्यांना अटक झाली, मजुरांना गाड्यांत भरून परत पाठवले, तरी संप पसरला; आणि १९१४ साली तो कर रद्द झाला. मला त्या यात्रेत सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती पावाची. पुढाऱ्याने पाव मोजला होता.

मी मोजला नव्हता. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात आमची युनियन पाच वर्षे निजलेली होती. अकरा जणांना काढले, आणि एका आठवड्यात फाटकावर सहाशे माणूस जमला. घोषणांनी रस्ता दणाणला. मला वाटले, ताकद परत आली. तिसऱ्या आठवड्यात मी संप पुकारला. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी दीडशे माणसे खाली मान घालून आत गेली, संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळी. अकरांचे सतरा झाले. त्यांपैकी एकाच्या घरी मी गेलो तेव्हा त्याची बायको मला म्हणाली, “भाऊ, तुम्ही घोषणा मोजल्या. आमच्या डब्यातलं पीठ नाही मोजलंत.”

पुढे पाय बांधून पडलो असताना मला कळले, की एकच चूक मी दोनदा केली. एकदा सहाशे घरांच्या जिवावर, एकदा स्वतःच्या नडगीवर. घोषणा हा संघटनेचा श्वास आहे. तो आठवड्यात परत येतो. पीठ, शिल्लक, शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरचा विश्वास ही तिची हाडे. ती वर्षांनी भरतात. श्वास परत आला म्हणून मी हाडांवर भार टाकला.

त्यानंतर आम्ही काय केले? काही दिसण्यासारखे नाही. दरमहा माणशी पन्नास रुपयांची गंगाजळी. गल्लीवार घरांची यादी. कोणाकडे किती दिवसांचे धान्य, कोणाचे मूल दवाखान्यात. दर पंधरा दिवसांनी बैठक, कधी बारा माणसे, कधी सात. बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचे, तसे. कंटाळवाणे काम, पण ते सहा वर्षे चालले आहे. मागच्या वर्षी वाटाघाटीला बसलो तेव्हा समोरच्यांना ठाऊक होते, की या वेळी हे लोक तीन महिने उभे राहू शकतात. संप करावा लागला नाही. सतरांपैकी नऊ जण परत कामावर आहेत. आठ नाहीत. त्या आठ घरांवरून जाताना अजून मला मान वर करता येत नाही, आणि ती करता यावी असेही मला वाटत नाही.

तुमच्यापैकी प्रत्येकाचे काहीतरी गमावलेले असेल. कोणाचे गाणे सुटले असेल, कोणाचे वाचन, कोणाचे भावाशी बोलणे. ते परत मिळवण्यास निघाल तेव्हा पहिले सहा आठवडे जपा. त्या वेळी सगळे परत आल्यासारखे वाटते. तेव्हाच दम धरा.

डिसेंबरात मी पोहोचेन की नाही हे मी सांगत नाही. पण रविवारी पहाटे साडेपाचला पोलीस परेड मैदानाच्या फाटकाशी आम्ही पाचसहा जण उभे असतो. त्यांत एक हमाल आहे, एक शिक्षिका आहेत, आणि त्या सतरांपैकी एक जणही आहे. कामावर परत न घेतलेल्यांपैकी. बोलता येईल इतकेच सावकाश जातो. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे. चपला चालतील, पहिले सहा आठवडे चालायचेच आहे.